सुमारे दोनशे मीटर

प्रसेनजीत शिंगे सरांना शाळेतली पोरं ‘सुमारे सर’ म्हणत आणि हे नाव आपल्या कानावर कधी आलंच नाही असं सर गेली कित्येक वर्षं दाखवत आले होते. नाव मिळालं ते नववीच्या भूमितीवरून. वर्तुळाच्या प्रत्येक गणितात पोरं लिहीत, ‘π = २२/७’, आणि सर लाल पेनाने त्या दोन समांतर रेघांवर काट मारून वर बारीक अक्षरात लिहीत, ‘सुमारे’. शिवाय अर्धा गुण कापत.

त्यावरून आजऱ्याहून एक पालक एसटीने भांडायला आले होते.

“पुस्तकातच छापलंय की ओ सर. बावीस सप्तमांश घ्या म्हणून.”

“घ्या म्हटलंय. आहे म्हटलेलं नाही,” सर म्हणाले. “पाय ही अपरिमेय संख्या आहे. कुठल्याही दोन पूर्ण संख्यांचा भागाकार करा, ती नेमकी मिळत नाही. दशांश चिन्हानंतर नुसती चालत राहते, संपत नाही आणि त्याच त्या आकड्यांवर फिरूनही येत नाही. बावीस सप्तमांश हा तिचा शेजारी झाला. शेजाऱ्याला घरमालक म्हणून कसं चालेल?”

पालक चहा न घेताच परत गेले. सरांना वाटलं, पटलं.

हा स्वभाव सरांना कुठे कुठे नडला होता ते सर स्वतःच जाणून होते. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी उंची विचारली तेव्हा ते म्हणाले होते, “सुमारे पाच फूट पाच इंच.” उंची नेमकी सांगताच येत नाही, सकाळी माणूस थोडा उंच असतो, असं त्यांना पुढे समजावून सांगायचं होतं. मुलीकडच्यांना वाटलं, मुलगा काहीतरी लपवतोय. ते स्थळ गेलं. पुढच्या स्थळाच्या वेळी आईने, पारूबाईंनी, त्यांना आधीच दम भरला होता, “उंची इचारली तर उभा ऱ्हा. त्वांड उघडू नको.”

अशा माणसाच्या हातात सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात शाळेने धावण्याचं मैदान दिलं.

त्याला कारण होतं. आंतरशालेय स्पर्धा यंदाही शाळेच्या मैदानावर होत्या. मैदानावर दोनशे मीटरचा ट्रॅक होता, दोन सरळ बाजू आणि दोन टोकांना अर्धवर्तुळं, एक-एक मीटर रुंदीच्या पाच लेन. हा ट्रॅक खेळाचे शिक्षक गणपतराव यांनी पूर्वी कधीतरी आखून खुंट्या ठोकून पक्का केला होता, आणि तो बरोबर होता. भानगड असायची ती सुरुवातीच्या रेघांची. बाहेरच्या लेनमधल्या मुलीला वळणावर जास्त पळावं लागतं, म्हणून तिला तेवढं पुढे उभं करतात. किती पुढे, हे गणपतराव आपल्या ढांगांनी ठरवत. दर लेनमागे सहा ढांगा आणि वर एक टाच. गणपतराव एकेकाळचे पैलवान, ढांगही तशीच. गेल्या वर्षी बाहेरच्या लेनमधली पोरगी इतकी पुढे उभी राहिली, की शर्यत संपल्यावर पेठ वडगावच्या शाळेने लेखी तक्रार केली. म्हणून हेडसरांनी यंदा ते काम गणिताच्या शिक्षकांकडे दिलं.

सरांना आनंद झाला. पण त्या आनंदाला एक बारीक काटा होता, आणि त्याचं नाव अक्षता.

अक्षता त्यांच्या बहिणीची मुलगी. बहीण मलकापूरला. पोरगी शिकायला मामाकडे राहिली होती, नववीत होती, आणि पळायची. सकाळी अनवाणी पळायची, दूध आणायला पळायची, मामाने गणित समजावायला घेतलं की पळायची. त्या वर्षी दोनशे मीटरला जी पहिली येईल तिलाच विभागीय स्पर्धेला पाठवणार होते, आणि तिथूनच सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड. अक्षताच्या वडिलांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, वसतिगृह मिळालं तर पळू दे हवं तेवढं. नाहीतर दहावी मलकापुरातच, आणि पळणं बंद. दुसऱ्या नंबराला काहीच नव्हतं. एक पितळी वाटी होती.

“मामा, रेघा नीट मारा हां,” ती म्हणाली होती.

“रेघा जशा असायला हव्यात तशाच असतील,” सर म्हणाले. “तुझ्यासाठी एक मिलिमीटर इकडचा तिकडे होणार नाही.”

“मी कुठं म्हणतीया कराच म्हणून?”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी सर मैदानावर गेले. सोबत शिपाई बाळासो, रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीची बादली, लाकडी मीटरपट्टी आणि सरांनी आकडेमोड केलेला कागद. कागदावर प्रत्येक लेनची आघाडी दशांशानंतर आठ घरांपर्यंत काढली होती. गणपतराव टेप घेऊन आधीच येऊन थांबले होते. गेल्या वर्षीची तक्रार त्यांना लागली होती, पण माणूस दिलदार. आपल्या जुन्या वह्यांमधून त्यांनीही सूत्र शोधून आणलं होतं.

“एका लेनला चव्वेचाळीस सप्तमांश. म्हंजे सहा मीटर आणि वर थोडं. चला, धरा टेप.”

“थोडं म्हणजे किती?”

“थोडं म्हंजे थोडं की ओ.”

“गणपतराव, चव्वेचाळीस सप्तमांश हे चूक आहे. दोन पाय घ्यायला हवा. पाय अपरिमेय आहे.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे तिची मोजणी कधी संपत नाही.”

“मग आपण मोजायला कशापायी आलोय?”

बाळासो हसला. सरांना ते हसणं आवडलं नाही. त्यांनी कागद पुढे केला. “बावीस सप्तमांश घेतलं तर पाचव्या लेनला एक सेंटिमीटरचा फरक पडतो.”

“एक सेंटिमीटर!” गणपतराव ओरडले, आणि कुंपणापलीकडच्या उसातून दोन बगळे उडाले. “सर, ही फक्कीची रेघ बघा. चार बोटं रुंद हाय. तुमचा सेंटिमीटर हिच्यात कुठं ठेवू? उजवीकडं का डावीकडं?”

हा प्रश्न सरांना चिडवण्यासाठी होता, पण सर तो खरोखर विचारात घेऊन बसले. “बरोबर आहे,” ते म्हणाले, “रेघेची कुठली कड धरायची हेही आधी ठरवायला हवं.”

गणपतरावांनी टेप बाळासोच्या हातात दिला.

“ठरवा तुम्ही. मी चाललो तालमीत. आन् त्या टेपचं तेवढं...”

“टेपचं मला सांगू नका गणपतराव. मी गणित शिकवतो.”

हे वाक्य सरांना पुढे अनेक वर्षं आठवत राहिलं. बहुतेक वेळा दात घासताना.

गणपतराव गेले. मग सरांनी आणि बाळासोने काम सुरू केलं. शर्यत जिथे संपते ती शेवटची रेघ हीच पहिल्या लेनची सुरुवात. तिथपासून प्रत्येक लेनच्या आतल्या कडेने, वळणाशी वळण जुळवत, टेप लावत न्यायचा. बाळासो रेघेपाशी टेपचं टोक धरून उकिडवा, सर दुसऱ्या टोकाला जमिनीवर जवळजवळ लोटांगण घालून. मिलिमीटरचे काटे नीट दिसावेत म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतून भिंग आणलं होतं.

“बाळासो, शून्य धरलंस का?”

“टोक धरलंय, सर.”

“घट्ट धर. हलवू नको.”

“न्हाय हलत.”

दुसरी लेन, सहा मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर तीन मिलिमीटर. चौथ्या मिलिमीटरपाशी आणखी थोडं उरत होतं, त्याचं काय करावं यावर सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. पाचवी लेन, पंचवीस मीटर तेरा सेंटिमीटर तीन मिलिमीटर. सरांनी प्रत्येक ठिकाणी खिळा ठोकला, खिळ्यापासून पट्टीने रेघ ओढली, बाळासोने तिच्यावर फक्की ओतली. पांढऱ्या रेघा पायऱ्यांसारख्या एकीपुढे एक दिसू लागल्या. सरांनी गुडघे झटकले आणि लांबून बघितलं. या जिल्ह्यात पायची इतकी जवळची किंमत मातीवर आजवर कुणी आखली नसेल, असं त्यांच्या मनात आलं. जवळ कुणी असतं तर त्यांनी ते बोलूनही दाखवलं असतं. बाळासो होता, पण तो बादली धुवायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. मांडव, भोंगा, केळी, खाली सतरंज्या. दोनशे मीटरच्या अंतिम शर्यतीच्या चिठ्ठ्या निघाल्या. अक्षताला पाचवी लेन आली. पहिली लेन पेठ वडगावच्या निशिगंधाला. ही पोरगी गेल्या वर्षी दुसरी आली होती, त्या ढांगांच्या शर्यतीत, आणि तक्रार तिच्याच शाळेची होती. तिचे शिक्षक जोतीराम सर सकाळीच येऊन रेघा बघून गेले होते.

“मोजून मारल्यात न्हवं सर यंदा?”

“आठ दशांश स्थळांपर्यंत.”

“आठ?” जोतीराम सरांनी आदराने मान हलवली. “मग काय बघायलाच नको.”

शर्यतीच्या वेळी शिंगे सर पहिल्या वळणाच्या आत उभे होते. खरं तर त्यांचं तिथे काही काम नव्हतं. ते आपल्या रेघा बघायला उभे होते. त्यांच्या मागेच लांब उडीचा वाळूचा खड्डा होता, आणि तिथे गणपतराव मुलांच्या उड्या मोजत होते.

“पाच दहा!” टेपवर वाकलेला पोरगा ओरडला.

“वजा एक,” गणपतराव म्हणाले. “चार दहा लिवा.”

पाच मुली आपापल्या रेघांकडे चालल्या होत्या. अक्षता पायाचे अंगठे मातीत रोवून बघत होती.

“चार नव्वद!”

“वजा एक. तीन नव्वद.”

सर वळले. त्यांना ती वजाबाकी आवडली नव्हती. मोजमापात कारण न सांगता केलेली वजाबाकी त्यांना कधीच आवडत नसे. “गणपतराव, वजा एक कशाबद्दल? फाऊल आहे का?”

“न्हाय ओ. टेपचा पयला मीटर न्हाय न्हवं का. वरीस झालं. व्हॉलीबॉलच्या खांबाला नेट बांधाय तोडला मी.” त्यांनी हनुवटीने खांब दाखवला. “काल सांगत होतो की तुमास्नी. तर तुम्ही म्हणालासा, मी गणित शिकवतो.”

सरांनी खांबाकडे बघितलं. खांबाला पिवळ्या कापडी पट्टीची गाठ होती. पट्टीवर काळे आकडे होते. वर्षभर रोज त्या खांबाजवळून ते शाळेत जात होते, आणि वर्षभर शून्य तिथे लोंबत होतं.

आयुष्यातलं सगळ्यात वेगवान गणित सरांनी त्या क्षणी केलं. बाळासोने टोक धरलं होतं. टोकावर शून्य नव्हतं, एक होता. म्हणजे जिथे टेप पंचवीस मीटर म्हणत होता तिथे जमीन चोवीसच म्हणत होती. पहिल्या लेनला काही मोजायचं नव्हतं, ती रेघ बरोबर. बाकीच्या चारही रेघा एक मीटर मागे. अक्षता दोनशे एक मीटर पळणार होती आणि निशिगंधा दोनशे.

“जागा घ्या!” स्टार्टर ओरडला.

सरांनी तोंड उघडलं. ‘थांबा’ एवढं म्हणायचं होतं. पण तेवढ्या वेळात त्यांच्या डोळ्यांपुढून जोतीराम सरांची ती आदराने हललेली मान गेली, हेडसर गेले, गणपतराव गेले, नववी अ आणि नववी ब अशा दोन्ही तुकड्या गेल्या. आणि मग एक अतिशय सोयीचा विचार आला. पोरगी चांगली पळते. एक मीटर म्हणजे काय, तिची एक ढांगसुद्धा नाही. ती जिंकेल. जिंकली तर ही गोष्ट फक्त मला आणि खांबाला माहीत.

लाकडी फळ्या वाजल्या आणि मुली सुटल्या.

सर पळत आतल्या गवतातून शेवटच्या सरळ बाजूकडे गेले. भूमितीच्या तासाला ते नेहमी सांगत, की कर्ण हा दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान असतो. त्याचा त्यांनी आज प्रथमच उपयोग केला. दुसऱ्या वळणातून मुली बाहेर आल्या तेव्हा निशिगंधा पुढे होती आणि अक्षता तिच्या मागे, आणि मधलं अंतर कमी होत होतं. तीन हात. दोन हात. “चल, चल, चल!” सर ओरडत होते, आणि हा ओरडा मामाचा की अपराध्याचा हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. शेवटी एक हात उरला. तो तसाच राहिला. निशिगंधाच्या छातीने दोरा नेला.

अक्षता गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. रडली नाही. मामाकडे बघून एवढंच म्हणाली, “गेलं की ओ मामा.”

सर सरळ पंचांच्या टेबलाकडे गेले. तिथे हेडसर, जोतीराम सर आणि भोंग्यावर नावं पुकारणारे चित्रकलेचे शिक्षक बसले होते.

“ही शर्यत रद्द करा,” सर म्हणाले. “रेघा चुकल्या आहेत.”

“कुणाच्या?” हेडसरांनी विचारलं.

“माझ्या.”

चित्रकलेच्या शिक्षकांनी भोंगा बंद केला. मग जोतीराम सर हसले, पण त्या हसण्यात सकाळचा आदर नव्हता. “व्वा! आठ दशांश स्थळं! तुमची भाची दुसरी आली आन् रेघा चुकल्या. पयली आली असती तर?”

“तर मी गप्प बसलो असतो,” सर म्हणाले.

हे उत्तर द्यायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण प्रश्न नेमका होता, आणि नेमक्या प्रश्नाला सुमारे उत्तर देणं त्यांना जमत नसे.

“शर्यतीच्या आधी कळलं होतं मला,” ते पुढे म्हणाले. “फळ्या वाजायच्या आधी. वाटलं, जिंकेल ती, कशाला बोला. ते वेगळं. त्याबद्दल काय ते मला बोला. पण रेघा एक मीटर मागे आहेत, हे पोरगी हरली म्हणून खोटं होत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या लेनच्या पोरीही तेवढ्याच मागे होत्या, आणि त्या माझ्या कुणी नाहीत.”

“कसं काय चुकलं?” हेडसरांनी विचारलं. “तुमचं गणित चुकलं?”

“गणित बरोबर आहे. शून्य व्हॉलीबॉलच्या खांबाला आहे.”

मग गणपतरावांना बोलवावं लागलं, बाळासोला बोलवावं लागलं, खांबावरची गाठ सोडून आणावी लागली. तेवढ्यात मांडवातली सगळी माणसं टेबलाभोवती गोळा झाली. बाळासो प्रत्येकाला सांगत होता, “मी टोक धरलंय असंच म्हणालो होतो. शून्य धरलंय असं मी कवाच म्हणालो न्हाय.” आणि हे खरं होतं.

“मग झालं की,” हेडसर म्हणाले. “एक-एक मीटर पुढं सरकवा रेघा आणि परत पळवा पोरींना.”

“न्हाय चालायचं,” जोतीराम सर म्हणाले. “गेल्या साली ढांगा, यंदा फाटका टेप. आता हाच टेप, हेच सर, आन् पुढं ह्यांचीच भाची. तुमच्या आकड्यांवर आता माझा इस्वास न्हाय. आकडा एक बी न वापरता दाखवा, ह्या पोरीला नेमकं किती पुढं उभं करायचं ते. माझ्या डोळ्यांनी दिसलं तर मानतो.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “सुमारे सर, घावलासा!”

सरांनी इकडेतिकडे बघितलं. मग त्यांनी मांडवाच्या खांबाला बांधलेलं सुतळीचं बंडल सोडवून घेतलं.

“या,” ते म्हणाले.

दुसऱ्या लेनपाशी जाऊन त्यांनी लेनच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत सुतळी ताणून धरली आणि तेवढा तुकडा कापला. “किती आहे हे विचारू नका. एका लेनची रुंदी आहे, बास.” वाळूच्या खड्ड्याशेजारी मऊ माती होती. तिथे खिळा रोवला, तुकड्याचं एक टोक त्याला बांधलं, दुसऱ्या टोकाला दुसरा खिळा धरून गोल ओढला. मातीत वर्तुळ उमटलं.

“बाहेरची पोरगी आतल्या पोरीपेक्षा एक लेन बाहेरून फिरते. सरळ बाजू दोघींना सारख्याच. फरक पडतो तो फक्त गोल फिरण्यात, आणि तो या वर्तुळाच्या घेराएवढाच असतो. मैदान लहान असो, मोठं असो.”

“कितीबी मोठं?” जोतीराम सरांनी विचारलं.

“पार पन्हाळ्याला वेढा घालून पळवलं तरी एवढाच.”

“कायबी सांगतासा!”

“सांगत नाही, सुतळी लावतो. तुम्हीच लावा.”

जोतीराम सर खाली बसले. त्यांनी स्वतःच्या हाताने सुतळी वर्तुळावरून फिरवत नेली; बाळासो मागून खडे ठेवत गेला. सुतळी जिथे फिरून आपल्याच टोकाला मिळाली तिथे गणपतरावांनी ती दातांनी तोडली. मग ती उचलून सरळ केली.

“हा पाय. दोन पाय,” सर म्हणाले. “लिहून संपत नाही. पण मातीत एवढासा असतो.”

ते स्वतःशीच बोलत होते. कुणी ऐकलं नाही.

सुतळी दुसऱ्या लेनमध्ये एकदा लावली. तिसऱ्यात दोनदा, चौथ्यात तीनदा, पाचव्यात चारदा.

“टोक धरू का शून्य धरू?” बाळासोने विचारलं. गर्दी हसली, हेडसरसुद्धा हसले. सुतळीला शून्य नव्हतं.

पाचव्या लेनमध्ये सुतळी संपली तिथे जोतीराम सरांनी बोट टेकवलं. जुनी रेघ मागे होती. सरांनी बोट आणि रेघ यांच्या मध्ये लाकडी मीटरपट्टी ठेवली. पट्टी जवळजवळ बरोबर बसली, एका बाजूला दोन बोटं जागा उरली. सुतळी थोडी ताणली असेल, खडे थोडे सरकले असतील. दोन बोटं म्हणजे तीनएक सेंटिमीटर. ज्या एका सेंटिमीटरवरून काल गणपतरावांना हाकलून दिलं होतं, त्याच्या तिप्पट.

सगळे सरांकडे बघत होते. सरांचा हात आपोआप खिशातल्या भिंगाकडे गेला. त्यांनी तो परत बाहेर काढला.

“चालेल,” ते म्हणाले.

“काय म्हणालासा?” गणपतरावांनी विचारलं.

“चालेल म्हणालो.”

“परत एकदा म्हणा की. पोरांनी ऐकलं न्हाय.”

सर परत एकदा म्हणाले.

जोतीराम सर उठले, गुडघे झटकले. “दिसलं मला,” ते म्हणाले. “पण माझी पोरगी एकदा जिंकलीया. तिलाच इचारू.”

निशिगंधा मांडवात केळं खात बसली होती. तिला सगळं सांगितल्यावर ती उठली आणि साल बाजूला टाकली. “पळायचंच हाय मला. न्हायतर ही आयुष्यभर म्हणणार, फुकटचा मीटर घिऊन आलीस म्हणून.”

“म्हणणारच की,” अक्षता म्हणाली.

उन्हं कलल्यावर त्याच लेनमध्ये, त्याच पाच मुलींची शर्यत परत झाली. या वेळी सर वळणापाशी थांबले नाहीत आणि शेवटच्या रेघेपाशीही गेले नाहीत. ते व्हॉलीबॉलच्या खांबाला टेकून, डोळे मिटून उभे राहिले. फळ्या वाजल्या. पोरांचा गलका एका बाजूने सुरू झाला, मैदानाला वळसा घालून आला आणि एकदम मोठा झाला. कोण जिंकलं ते ओरड्यावरून कळेना, कारण पोरं नुसतीच ओरडत होती. मग गणपतराव येताना दिसले. पैलवान माणूस, पण पळत येत होते.

“आली! अक्षी आली! हातभर पुढं!”

“नेमकं किती?” असं सरांच्या तोंडून जाणार होतं. गेलं नाही, कारण गणपतरावांनी त्यांना उचललं होतं आणि छातीत हवाच राहिली नव्हती.

खाली ठेवल्यावर गणपतराव म्हणाले, “एक खरं सांगा सर. माझ्या चव्वेचाळीस सप्तमांशानं रेघा मारल्या असत्या, तर पोरगी जिंकली असती का हरली असती?”

“जिंकली असती,” सर म्हणाले.

“आन् काल मला थांबू दिलं असतं तर?”

“सकाळीच जिंकली असती.”

गणपतरावांनी मान डोलावली. मग ते टेप गुंडाळायला गेले. सरांना वाटलं, बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी पारूबाईंनी नातीला समोर बसवून भाकरी वाढली. पोरीचं प्रमाणपत्र मधोमध पाटावर ठेवलं होतं आणि अण्णासोंना, म्हणजे अक्षताच्या वडिलांना, मलकापूरला शेजारच्या दुकानात फोन करून कळवून झालं होतं. अण्णासो फोनवर एवढंच म्हणाले होते, “बरं. तिच्या बुटांचं बघतो.”

सर प्रमाणपत्र वाचत होते. ‘धावणे, २०० मीटर, प्रथम क्रमांक.’ त्यांनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचलं आणि पाटावर ठेवलं. पुन्हा उचललं.

अक्षता घास थांबवून त्यांच्याकडे बघत होती.

“बोला मामा,” ती म्हणाली. “न्हायतर पोटात दुखंल तुमच्या.”

“सुमारे,” सर म्हणाले. “सुमारे दोनशे मीटर.”

“सकाळी दोनशे एक पळाले, सांजच्याला दोनशे. चारशे एक मीटर पळाले मी आज, तुमच्यापायी.” तिने आजीपुढे ताट सरकवलं. “आजी, अजून एक वाढ. सुमारे नको. अख्खी वाढ.”